आधी रक्त वाचा, मग औषध द्या

गेल्या महिन्यात मधल्या सुट्टीत आमच्या शाळेतले इतिहासाचे सर माझ्या टेबलाशी आले. त्यांच्या शेतावर एक कारवानी कुत्रा आहे. दोन दिवसांपासून तो खात नव्हता, अंग तापलं होतं आणि कानात गोचीड सापडले होते. सर म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडेही कारवानी आहे. त्या टिक फिवरच्या गोळीचं नाव तेवढं चिठ्ठीवर लिहून द्या. संध्याकाळी मेडिकलमधून घेऊन जातो."

त्या गोळीचं नाव मला पाठ आहे. किती मिलिग्रॅमची, दिवसातून किती वेळा, हेही पाठ आहे. तरी मी लिहून दिलं नाही. "आधी रक्त तपासा, सर. आजच," एवढंच म्हणाले. सरांना ते आवडलं नाही. साधी गोळी विचारली तर या बाई भाव खातात, असं त्यांना वाटलं असणार. घंटा झाली, ते वर्गावर गेले आणि मी माझ्या सातवीच्या वर्गात येऊन फळ्यावर तारीख लिहिताना दहा वर्षांपूर्वीच्या बिजलीची आठवण काढत राहिले.

मी चिठ्ठी का लिहिली नाही, ते सांगण्यासाठी हा लेख.

आमचं गाव सोलापूर जिल्ह्यातलं. सोलापूर, सांगली, लातूर आणि पलीकडे विजापूर-बागलकोटच्या पट्ट्यात हे उंच, सडपातळ, लांब तोंडाचे कुत्रे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आपण त्यांना कारवानी म्हणतो, रेशमी केसांचा असेल तर पश्मी म्हणतो, आणि कर्नाटकात गेलं की तोच मुधोळ हाउंड होतो. २००५ साली टपाल खात्याने भारतीय कुत्र्यांवर तिकिटं काढली, त्यात मुधोळचा मान होता. विलायती ग्रेहाउंडला पाहिलेला माणूस आमच्या कारवानीला पाहून ग्रेहाउंडच समजतो. दोघांची बांधणी एकाच कामासाठी झालेली आहे: नजरेने हेरायचं आणि पळून गाठायचं. शिकारीवर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आली, तेव्हापासून आमच्याकडे तरी ते शेताची आणि अंगणाची राखण करतात.

अब्बांनी आयुष्यभर कारवानी पाळले. बिजली ही त्यांची शेवटची कुत्री. २०१६ च्या उन्हाळ्यात एक दिवस तिने भाकरीला तोंड लावलं नाही. अब्बा अंगणात तिच्यापुढे बसून मला विचारत होते, "बेटी, ये खाना कायकू नै खारी?" कान तपासले तर आत चार-पाच गोचीड, फुगलेले. ताप होता. ओळखीच्या एकाने सांगितलं, गोचीडताप आहे, इंजेक्शन देऊन टाकू आणि गोळ्या लिहून देतो. रक्त कुणी घेतलं नाही. आम्हीही म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी बिजली उठली, पाचव्या दिवशी दारावर आलेल्या भंगारवाल्यावर भुंकली. गोळ्या अजून पुष्कळ उरल्या होत्या. आठव्या दिवशी मी त्या देणं बंद केलं. हे मी केलं, अब्बांनी नाही. बरी झालेल्या जनावराच्या घशात रोज दोनदा गोळी कशाला कोंबायची, असं मला वाटलं. उरलेल्या गोळ्या कपाटात ठेवल्या, पुढच्या वेळी उपयोगी पडतील म्हणून.

डिसेंबरात एका सकाळी तिच्या नाकातून रक्त आलं. हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या, पोटावर जांभळे ठिपके होते. रिक्षात घालून तिला शहरात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी प्रथमच तिचं रक्त तपासलं. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, तिन्ही तळाला गेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "रोग उन्हाळ्यात गेला नव्हता. लपून बसला होता." पाचव्या दिवशी बिजली गेली. अब्बांनी तिला शेताच्या बांधावर पुरलं आणि त्यानंतर कुत्रा पाळला नाही. त्यांनी मला कधी दोष दिला नाही. त्यामुळे तो माझ्याकडेच राहिला.

मी भाषेची शिक्षिका, बी.एड. झालेली. विज्ञानाशी माझा संबंध दहावीत तुटला होता. पण त्यानंतर मी या आजाराबद्दल मिळेल ते वाचलं, डॉक्टरांना विचारून विचारून त्रास दिला. जे समजलं ते शेतकऱ्याला, शिक्षकाला, कुणालाही समजेल असंच आहे.

पहिली गोष्ट, 'टिक फिवर' हे एका रोगाचं नाव नाही. गोचीड रक्त पिताना जे जंतू कुत्र्याच्या अंगात सोडतो, त्यांतले आपल्याकडे प्रामुख्याने दोन प्रकार. एक एर्लिकिया. हा जिवाणू आहे, तो पांढऱ्या पेशींत शिरतो. १९३५ साली अल्जीरियात त्याचं प्रथम वर्णन झालं. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकन सैन्याचे जर्मन शेफर्ड कुत्रे नाकातून रक्त येऊन मोठ्या संख्येने मेले, तेव्हा जगाला त्याची खरी ओळख पटली. दुसरा बबेसिया. हा जिवाणू नाही, मलेरियाच्या जंतूसारखा एकपेशीय जीव आहे, तो तांबड्या पेशींत शिरून त्या फोडतो. याच्या एका जातीचा, बबेसिया गिबसोनीचा, शोध तर आपल्याच देशात लागला. १९१० साली मद्रास हंटच्या शिकारी कुत्र्यांच्या रक्तात पॅटन नावाच्या शास्त्रज्ञाला तो दिसला, पुढे कोल्ह्याच्या रक्तातही सापडला. म्हणजे शिकारी कुत्रा आणि हा जंतू यांची ओळख शंभर वर्षांहून जुनी आहे.

वरून दोन्हींची लक्षणं सारखीच. ताप, मरगळ, अन्न सोडणं, हिरड्या फिक्या पडणं. औषधं मात्र वेगळी. एर्लिकियाला डॉक्सिसायक्लिन लागतं, तेही २८ दिवस. बबेसियाच्या मोठ्या जातीला इमिडोकार्बचं इंजेक्शन देतात, बहुधा दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा. गिबसोनीला ते इंजेक्शन पुरत नाही, त्याला ॲटोवाक्वोन आणि ॲझिथ्रोमायसिन ही जोडी दहा दिवस द्यावी लागते. कधी एकाच गोचिडाच्या कृपेने दोन रोग एकदम असतात. आता सांगा, चिठ्ठीवर मी कुठलं नाव लिहायचं होतं?

एर्लिकियाचा दुसरा धोका त्याच्या चालीत आहे. पहिले दोन ते चार आठवडे ताप येतो. मग औषध नसलं किंवा अर्धवट असलं तरी कुत्रा सावरल्यासारखा दिसतो. खातो, पळतो, भुंकतो. ही शांतता महिनोन्‌महिने, कधी काही वर्षं टिकते. काही कुत्र्यांचं शरीर या काळात जंतूला हरवतंही. ज्यांना ते जमत नाही, त्यांच्या हाडातला मगज, जिथे रक्त तयार होतं, तोच सुकायला लागतो. त्या टप्प्यावर औषध असून नसल्यासारखं. बिजलीचं हेच झालं. उन्हाळ्यात तिच्या औषधाला महिन्याभराच्या गोळ्या पुरल्या असत्या. डिसेंबरात पैसा, डॉक्टर, दुवा, काहीही पुरलं नाही.

दुसरी गोष्ट तपासण्यांची. इथे माझा शाळेचा अनुभव कामी आला.

सगळ्यांत स्वस्त तपासणी म्हणजे काचपट्टी. कानाच्या कडेला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर पसरायचा, रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. बबेसिया असेल तर तांबड्या पेशींत तो पुष्कळदा दिसतो. एर्लिकिया क्वचितच दिसतो. म्हणून काचपट्टीवर काही दिसलं तर ते पक्कं, दिसलं नाही तर नाही असं म्हणता येत नाही. सोबत पेशींची मोजणी करायची.

मग ती कार्डावरची झटपट तपासणी, ज्यात दोन रेघा उमटतात. ती जंतू शोधत नाही. जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेल्या प्रतिपिंडांना ती शोधते. शाळेत आपलं दाखल-खारीज रजिस्टर असतं ना, तशी ही तपासणी. हा मुलगा कधीतरी या शाळेत होता, एवढं ते रजिस्टर सांगतं. तो आज वर्गात बसला आहे की नाही, ते सांगत नाही. उपचार पूर्ण झालेल्या कुत्र्याचं कार्ड पुढे महिने, कधी वर्षंही पॉझिटिव्ह येत राहतं, आणि दर वेळी त्याला पुन्हा महिनाभर गोळ्या दिल्या जातात. उलट रोगाच्या पहिल्या आठवड्यात प्रतिपिंडं तयारच झालेली नसतात, म्हणून आजारी कुत्र्याचं कार्ड निगेटिव्ह येऊ शकतं आणि त्याला घरी पाठवलं जातं.

आज वर्गात कोण आहे, हे हजेरी घेऊनच कळतं. ती हजेरी म्हणजे पीसीआर. रक्तात जंतूचा डीएनए आहे का, हे ती पाहते. ती महाग आहे, नमुना शहरात पाठवावा लागतो आणि उत्तराला वेळ लागतो. तिची एक अट आहे: रक्त औषधाच्या पहिल्या गोळीआधी घ्यायचं. औषध सुरू झालं की जंतू रक्तातून कमी होतात आणि हजेरी चुकते.

एकाही तपासणीवर एकटीवर निकाल देता येत नाही. लक्षणं, काचपट्टी, मोजणी आणि कार्ड किंवा पीसीआर समोर ठेवून डॉक्टरांनी ठरवायचं. वर्षभराचा निकाल आपण एका तोंडी प्रश्नावर लावतो का?

आता तिसरी गोष्ट. ती फक्त आमच्या या सडपातळ कुत्र्यांची आहे आणि तीच सर्वांत कमी लोकांना ठाऊक आहे.

अब्बा गेल्यानंतर मुलाच्या हट्टाने घरात पुन्हा कारवानी आला. त्याचं नाव चांद. तो दोन वर्षांचा असताना नसबंदीच्या शस्त्रक्रियेआधी त्याचं रक्त तपासलं. चांद ठणठणीत होता, दोन वेळा जेवत होता, मांजरांच्या मागे भिंती चढत होता. रिपोर्टमध्ये प्लेटलेट १,२०,००० आल्या आणि त्या आकड्याखाली लाल रेघ. दवाखान्यात लगेच सांगितलं, टिक फिवर आहे, आजच गोळ्या सुरू करा. माझे हातपाय गार पडले. बिजलीच्या वेळी कुणी रक्त पाहिलं नव्हतं, या वेळी पाहिलं होतं, मग माझं डोकं कशाला चालवायचं? मिस्टर म्हणाले, "गोळ्या दे ना. नुकसान काय आहे?"

पण ताप नाही, अंगावर गोचीड नाही, हिरड्या गुलाबी. मी रिपोर्ट घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आकडा पाहण्याआधी चांदकडे पाहिलं आणि विचारलं, "या लाल रेघा कुठल्या कुत्र्याच्या मापाने मारल्यात?"

ग्रेहाउंडच्या रक्तावर परदेशात खूप अभ्यास झालेला आहे. सर्वसाधारण कुत्र्यात प्लेटलेट साधारण दोन ते पाच लाख असतात. निरोगी ग्रेहाउंडमध्ये त्या एक ते दोन लाखांच्या दरम्यान असणं अगदी सामान्य, काहींत तर लाखाच्याही खाली. पांढऱ्या पेशीही कमी असतात. उलट तांबड्या पेशी जास्त. रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा सर्वसाधारण कुत्र्यात शेकडा ३७ ते ५५, तर ग्रेहाउंडमध्ये ५० ते ६५ पर्यंत. पळायला प्राणवायू लागतो, म्हणून घाट तसा घडलेला. धावणाऱ्या इतर जातींतही कमी-अधिक प्रमाणात हाच कल दिसतो. प्रयोगशाळेचं छापील माप मात्र सगळ्या कुत्र्यांना एकच.

याने घोटाळा दोन्ही बाजूंनी होतो. प्लेटलेट जातीच्या मानाने ठीक असताना रोगी ठरवलं जातं. आणि ज्याच्या तांबड्या पेशी एरवी ६० टक्के असतात, त्याच्या ४० वर आल्या तर छापील मापाने तो निरोगी ठरतो. प्रत्यक्षात त्याचं एकतृतीयांश रक्त आटलेलं असतं. उर्दूत एक नुक्ता इकडचा तिकडे झाला तर 'खुदा'चं 'जुदा' होतं, हे मी दर वर्षी नव्या मुलांना शिकवते. रक्ताच्या रिपोर्टचंही तसंच. आकडा तोच, वाचणारा चुकला की अर्थ फिरतो.

हे सगळं ग्रेहाउंड पाळणाऱ्यांना चुकत-माकतच कळलं. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये शर्यतीच्या ग्रेहाउंडांची मोठमोठी खुराडी असायची. दाटीवाटीने राहणारे कुत्रे आणि भिंतींत गोचीड, म्हणून तिथे बबेसियाचा संसर्ग खूप होता. शर्यतीतून निवृत्त झालेले हे कुत्रे लोक घरी पाळायला नेत आणि आजार मुकाट्याने त्यांच्यासोबत घरी जाई. म्हणून दत्तक घेताना गोचिडांच्या रोगांची तपासणी करावी, असा रिवाज तिथे पडला. फ्लोरिडाच्या मतदारांनी २०१८ साली या शर्यतींविरुद्ध कौल दिला आणि २०२० च्या अखेरीस तिथल्या शर्यती थांबल्या. तपासणीचा धडा तेवढा आपल्यासाठी शिल्लक आहे.

चांदची काचपट्टी स्वच्छ निघाली. कधी कधी प्लेटलेट एकमेकांना चिकटून गठ्ठा होतात आणि यंत्र त्यांना कमी मोजतं, तेही डॉक्टरांनी पाहिलं. कार्ड निगेटिव्ह, पीसीआर निगेटिव्ह. महिन्याने पुन्हा मोजल्या, १,२५,००० भरल्या. एकही गोळी न देता चांद आज सहा वर्षांचा आहे. कमी प्लेटलेट दिसल्या की 'जातीचंच आहे' म्हणून सोडून द्या, असा याचा अर्थ कुणी काढू नये. आजारी कारवानीच्या कमी प्लेटलेट हा आजारच असू शकतो. फरक कळण्याचा एक सोपा उपाय आहे: कुत्रा निरोगी असताना एकदा त्याचं रक्त तपासून रिपोर्ट जपून ठेवा. उद्या तो आजारी पडला तर त्याचं माप त्याच्याच जुन्या आकड्याशी घेता येईल. चांदचा रिपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी माझ्या बी.एड.च्या प्रमाणपत्राच्या फायलीत ठेवला आहे.

म्हणजे माझ्या घरात दोन कुत्र्यांच्या बाबतीत दोन उलट्या चुका होता होता, एक झाली आणि एक टळली. एकीला रक्त न वाचता औषध दिलं, ते अर्धवट दिलं आणि ती मेली. दुसऱ्याला रक्त चुकीचं वाचून औषध देणार होते. दोन्हींचं मूळ एकच. अंदाज.

यावर लोक जे म्हणतात, ते मला ठाऊक आहे.

पहिलं म्हणणं, "आमच्या गावात कुठली पीसीआर? डॉक्टर येईपर्यंत कुत्रा मरायचा." यात तथ्य आहे. एर्लिकियाचा संशय दाट असेल तर रिपोर्टची वाट बघत औषध थांबवणं चुकीचंच, आणि चांगले डॉक्टरही थांबत नाहीत. माझं मागणं एवढंच आहे की पहिल्या गोळीआधी थोडं रक्त काढून ठेवा आणि एक काचपट्टी करा. काचपट्टीला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. आमच्या भागाला उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, मराठवाड्यात परभणीचं आहे, पुण्या-साताऱ्याकडच्यांना शिरवळचं आहे. जर्सी गाय तापली की आपणच म्हणतो, डॉक्टर, रक्त तपासा, गोचीडताप असेल. गाय दूध देते म्हणून तिचं रक्त तपासायचं आणि कुत्रा राखण करतो म्हणून त्याला अंदाजाची गोळी, हा कुठला हिशेब?

दुसरं म्हणणं, माझ्या मिस्टरांचं. "गोळ्यांनी नुकसान काय?" नुकसान आहे. नको असलेलं प्रतिजैविक दिलं की खरा आजार झाकला जातो. डॉक्सिसायक्लिनने एर्लिकियाचा कुत्रा दोन-तीन दिवसांत ताजातवाना होतो, हे खरं. पण ताजातवाना झाला म्हणजे बरा झाला, ही माझीच समजूत बिजलीला महागात पडली. उपाशीपोटी ही गोळी उलट्या करवते, घशात अडकली तर जखम करते. जेवणासोबत आणि पाण्याबरोबर द्यायची. आपल्याकडे दुधात कुस्करून देतात, ते नको, दुधाने तिचं शोषण कमी होतं. शिवाय ही औषधं माणसांचीही आहेत. अर्धवट घेतली की जंतू त्यांना सरावतात आणि उद्या आपल्याच लेकरांना ती लागू पडत नाहीत.

तिसरं म्हणणं आमच्या मोहल्ल्यातलं. "कुत्र्यावर एवढा खर्च? आणि तोही आपल्यासारख्यांच्या घरात?" चांद अंगणात राहतो, त्याची भांडी वेगळी आहेत, नमाजच्या जागेत तो येत नाही. राखणीचा आणि शेताचा कुत्रा ठेवायला आपल्याकडे मनाई नाही, हे वडीलधाऱ्यांना माहीत असतं. तहानेल्या कुत्र्याला विहिरीतून मोज्यात पाणी काढून पाजणाऱ्याला माफी मिळाल्याचा किस्सा मदरशातलं लहान मूलही सांगतं. किस्सा सांगताना आपले डोळे भरतात आणि आपल्या दारातला कुत्रा तीन दिवस उपाशी पडला तर आपण म्हणतो, जनावर आहे, उठेल. अंगणात बांधलेलं मुकं जनावर ही अमानत आहे. पाळायचंच नसेल तर पाळू नका. पाळलं तर त्याचं रक्त तपासण्याचा खर्च भाकरीच्याच हिशेबात धरा.

चौथी गोष्ट कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते. औषध कुत्र्याला दिलं आणि घर तसंच ठेवलं तर सगळं वाया. हा तपकिरी गोचीड आयुष्याचा फार थोडा काळ कुत्र्याच्या अंगावर काढतो. बाकी वेळ तो भिंतीच्या भेगांत, फरशीच्या सांध्यात, बाजेच्या दोरीत असतो. एक मादी हजारो अंडी घालते. आम्ही बिजलीची गोणपाटाची जागा कधी बदलली नव्हती. आता चांदच्या जागेच्या भेगा सिमेंटने बुजवल्या आहेत, अंथरूण कडक उन्हात आणि गरम पाण्यात जातं, आणि डॉक्टरांनी वजनावर ठरवलेली गोचिडांची गोळी ठरल्या तारखेला दिली जाते. गाईच्या गोचिडांचं औषध अंदाजाने कुत्र्यावर ओतू नका, त्याने विषबाधा होते. दिसलेला गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल, काडी, बोटाने चिरडणं, हे काही नको. नुसतं रोज वेचून भागत नाही, कारण गोचीड चिकटल्यावर काही तासांतच जंतू आत जातात. आणि कुत्र्याच्या अंगावरचे हे गोचीड माणसालाही चावतात. त्यांच्यातून येणारा एक वेगळा ताप माणसांना होतो, आपल्या राज्यातही त्याचे रुग्ण सापडले आहेत. म्हणजे कुत्र्याचे गोचीड संपवणं हे घरातल्या मुलांसाठीही आहे.

इतिहासाच्या सरांचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. त्या दिवशी ते माझ्यावर चिडूनच गेले. पण संध्याकाळी मेडिकलला न जाता कुत्र्याला गाडीत घालून दवाखान्यात गेले. काचपट्टीवर तांबड्या पेशींत बबेसिया दिसला. मी जी गोळी लिहून दिली असती, तिने तो गेला नसता. इंजेक्शन झालं, दोन आठवड्यांनी दुसरं झालं. आता तो खातो आहे. "बरा झाला," असं सर म्हणाले, तेव्हा मी विचारलं, "मोजणी पुन्हा केली का?" ते हसले. या वेळी चिडले नाहीत. पुढच्या आठवड्यात जाणार आहेत.

तुमच्याही घरात, शेतावर, गोठ्याशी एखादा कुत्रा असेल. आज त्याचे कान उलटून पाहा, बोटांमधल्या खाचा पाहा. तो निरोगी आहे तोवर एकदा रक्त तपासून घ्या. आजारी पडला तर पहिल्या गोळीआधी रक्त, आणि गोळी सुरू केली तर शेवटच्या दिवसापर्यंत. कपाटात उरलेल्या गोळ्या मी बरीच वर्षं ठेवल्या होत्या. चांद आला त्या दिवशी फेकून दिल्या.